जाळी बघायची आहे

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा आणि भाऊजी हॉस्पिटलात माझ्या खाटेशी आले. दोघं एकत्र आले, हेच मला आधी खरं वाटेना. वर्षभर जी माणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती, ती एकाच पिशवीतून संत्री काढून माझ्या उशाशी ठेवत होती. बाबांनी स्टूल ओढलं आणि भाऊजींना म्हणाले, "तुम्ही बसा." भाऊजी म्हणाले, "छे छे, तुम्ही बसा." शेवटी दोघंही उभेच राहिले.

माझा डावा पाय मांडीपासून प्लॅस्टरमध्ये होता आणि दोन बरगड्या मोडलेल्या होत्या. बोलायला त्रास व्हायचा, म्हणून मी वाट बघत राहिले.

"उद्या तुला विचारतील," बाबा म्हणाले.

"विचारू दे."

"जाळीचं विचारतील. कुणी बघायची होती, कुणी कुणाला काय सांगितलं, सगळं."

भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमचं दोघांचं बोलणं झालंय. निरोप सांगताना तिच्याकडून काहीतरी गडबड झाली असणार. मुद्दाम नाही केलं तिने, कामाच्या घाईत होतं माणसाकडून. तुलाही तसंच वाटतं, एवढं म्हण. बास."

ती म्हणजे माझी ताई. भाऊजींची बायको, बाबांची थोरली लेक. अपघाताच्या सकाळी विमानात माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली. तिला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

"ती तर गेली, बाळ," बाबा म्हणाले. "तिला आता बोल लागला काय आणि न लागला काय. आम्हा दोघांची लायसन्स जातील. ह्या वयात मी काय करू? आणि हे काय करतील?"

माझ्या हातात संत्रं होतं. ते फेकून मारावं असं मला मनापासून वाटलं. पण पाय असा प्लॅस्टरमध्ये अडकलेला असला की माणूस नाइलाजाने सभ्य होतो. मी संत्रं सोलायला घेतलं आणि उद्याचं उद्या बघू म्हणाले. दोघं बरोबरच जिना उतरून गेले. जाताना बाबांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला.

हे सगळं तेलावरून सुरू झालं होतं. लोकांच्या घरात जमिनीवरून भांडणं होतात, दागिन्यांवरून होतात. आमच्याकडे तेलावरून झालं, तेही इंजिनाच्या.

आमची विमान कंपनी म्हणजे पत्र्याचं एक हँगर, तीन जुनी छोटी विमानं आणि कायम घाईत असलेला एक मालक. खाडीपलीकडच्या गावात रस्त्याने जायचं तर अख्खा दिवस मोडतो, म्हणून टपाल, औषधं आणि चार-दोन माणसं आम्ही हवेतून पोचवायचो. बाबा तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक. भाऊजी त्यांच्या हाताखाली आले, मग त्यांचे जावई झाले, मग त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायला आले. मी वैमानिक. आणि ताई खाली काउंटरवर, प्रवासी आणि सामान काट्यावर चढवून वजन सांगणारी. मालक म्हणायचा, तुमच्या घरात भांडण झालं तर माझी कंपनी बंद पडेल. तेव्हा आम्ही सगळे हसायचो.

विमानाचं तेल मोटारीत घालत नाहीत आणि मोटारीचं विमानात, एवढं आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. नुसत्या आकड्यांनीच नवा माणूस चक्रावतो. मोटारीच्या दुकानात ज्या जाड तेलाला पन्नास नंबर म्हणतात, त्याला आमच्याकडे शंभर म्हणतात. डब्यावर डब्ल्यू हे अक्षर असतं. मोटारवाले तो डब्ल्यू थंडीसाठी लावतात. आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळाच. तेलात मळ धरून ठेवणारं औषध घातलंय, आणि ते औषध जळलं तरी मागे राख राहत नाही, असा. राख फार वाईट. मोटारीच्या तेलातली राख पिस्टनच्या माथ्यावर बसते, तापून लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते. हवेत असताना पिस्टनला भोक पडलं की मग तेलाचा नंबर आठवून काही उपयोग नसतो.

ह्या डब्ल्यूशिवायचंही एक तेल असतं. साधं, औषधबिषध काही नसलेलं. नवे सिलिंडर बसवले की सुरुवातीला तेच घालतात, कारण रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना थोडे घासले पाहिजेत, तरच नीट बसतात. ताईच्या लग्नात बाबांनी सगळ्यांसमोर हाच विनोद केला होता. नव्या जोडप्याला पहिले काही दिवस साधंच तेल द्या, घासाघाशी होऊ द्या, मग बघा कसे बसतात एकमेकांत. ताई पदरात तोंड लपवून हसली होती.

पण बाबा नव्या इंजिनालाही साधं घालायचे आणि जुन्यालाही साधंच. माझं विमान, म्हणजे जे मी रोज उडवायचे, त्याचं इंजिन जन्मभर साध्या तेलावर वाढलेलं. साधं तेल मळ धरत नाही. तो आत कोपऱ्याकोपऱ्यात बसत जातो आणि त्याचे थर होतात. थंडीत एकदा एक व्हॉल्व्ह अडकला, मी कसंबसं विमान उतरवलं, आणि भाऊजींनी विषय काढला. आता डब्ल्यू घालायचं.

"ह्या इंजिनाला?" बाबा म्हणाले. "आत किती वर्षांचा मळ आहे, कल्पना आहे? हे तेल घातलं की सगळा एकदम सुटेल आणि पंपाच्या तोंडाशी जाऊन बसेल. पंपाला तेल मिळालं नाही तर काय होतं, सांगू?"

पंपाच्या तोंडाशी तारेची एक बारीक जाळी असते. तेल तिच्यातून गाळून वर चढतं. ती बघायची तर सगळं तेल खाली काढावं लागतं.

"म्हणूनच दर पाच तासांच्या उड्डाणानंतर तेल काढायचं आणि जाळी बघायची," भाऊजी म्हणाले. "मळ यायचा थांबेपर्यंत. आणि नाही बदललं, तर पुढचा व्हॉल्व्ह कुठे अडकेल ते सांगा. खाडीच्या मधोमध?"

दोघांचंही बरोबर होतं. मला अजूनही तसंच वाटतं. त्यातला एक जरी मूर्ख असता ना, तरी ताई आज जिवंत असती. मूर्खाचं ऐकायचं नाही, हे ठरवता येतं.

मालकाने भाऊजींची बाजू घेतली. बाबा म्हणाले, इंजिन पुस्तकात बघून कळत नाही, त्यासाठी हात काळे व्हावे लागतात. भाऊजींनी पटकन उत्तर दिलं की तुमचे हात काळे झालेत ते तुमच्या साध्या तेलानेच. सामान चढवणारी पोरं खो खो हसली. बाबांचा चेहरा पडला. मग ते बोलू नये ते बोलले. म्हणाले, "माझ्या छपराखाली झोपायचं आणि मलाच शिकवायचं. वा, जावईबापू."

त्या दिवसापासून अबोला.

अबोल्यात माणसं बोलत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कधी जवळून पाहिलेला नसतो. एका हँगरमध्ये एकाच इंजिनावर काम करणारी दोन माणसं गप्प राहूच शकत नाहीत. ती फक्त 'तुम्ही' म्हणायचं सोडतात. तुम्ही म्हटलं की बोलल्यासारखं होतं, आणि जो आधी बोलला तो हरला. मग वाक्यं अशी यायला लागली. "पाना हवाय." "नळी गळतेय." "दार लावायचं आहे." कुणाला हवाय, कुणी लावायचंय, ते ज्याने त्याने ओळखायचं. हवेत सोडलेली वाक्यं. आणि अगदीच महत्त्वाचं असलं की मधे ताई. "त्यांना म्हणावं." भाऊजीही म्हणायचे त्यांना म्हणावं आणि बाबाही म्हणायचे त्यांना म्हणावं. घरात नाव कुणालाच नव्हतं, नुसते त्यांना आणि त्यांनी.

ताईने त्याचीही गंमत केली होती. जेवायला बसलं की ती दोन्ही आवाज काढून दाखवायची, बाबांचा घोगरा आणि भाऊजींचा नाकातला. "मीठ कमी आहे म्हणावं." "मीठ डब्यात आहे म्हणावं." मी हसून ताटात सांडायचे. पण कपडे वाळत घालताना एकदा ती मला म्हणाली, "ह्यांना एकदा नुसतं एकमेकांशी बोलताना बघायचंय गं मला. भांडले तरी चालेल." तेव्हा ती हसत नव्हती.

नवं तेल मागवायला मालकाने जवळजवळ वर्ष लावलं. ते घातल्यावर पहिल्या पाच तासांनंतर भाऊजींनी जाळी काढली. तिच्यावर काळे, कडक कण होते, करपलेल्या भाताच्या खरपुडीसारखे. त्यांनी ते एका फडक्यावर काढून बाकावर ठेवले, बाबांना दिसावेत म्हणून. बाबांनी त्यातला एक कण बोटात चिरडला आणि निघून गेले. संध्याकाळी घरी दोघंही खुशीत होते. भाऊजींना वाटलं, बघा किती मळ निघतोय. बाबांना वाटलं, बघा किती मळ सुटतोय.

ही जाळी कंपनीच्या कामाच्या वेळापत्रकात नव्हती. तिथे ती बऱ्याच तासांनी यायची. मधेमधे बघायची ही भाऊजींनी स्वतःहून घेतलेली जास्तीची काळजी. म्हणून त्याची कुठे सही नाही, खूण नाही. तोंडी मामला.

दुसऱ्यांदा जाळी बघायची वेळ आली तेव्हा भाऊजींना आमचं दुसरं विमान दुरुस्त करायला लांब जावं लागलं. संध्याकाळच्या गाडीने निघायचं आणि दोन दिवस तिकडेच राहायचं. माझं उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी त्या संध्याकाळी हँगरवर नव्हते. मला जे माहीत आहे ते ताईने सांगितलेलं, आणि तेही हवेत.

ती माझ्याबरोबर का आली, तेही सांगते. तिला खाडीपलीकडे दोन खोल्या बघायच्या होत्या. भाड्याच्या. तिने ठरवलं होतं, आपण वेगळं राहायचं. छप्पर वेगळं झालं की दोघांचे आवाज आपोआप खाली येतील. भाऊजींना अजून सांगितलं नव्हतं, बाबांना तर नाहीच. "खोल्या आवडल्या तर सांगीन, नाही आवडल्या तर कशाला बोंब," असं म्हणाली. निघताना ती स्वतःच काट्यावर चढली आणि मला वजन ओरडून सांगितलं. सरळ सरळ कमी सांगितलं. मी म्हटलं, "ताई, विमान ऐकतंय." ती म्हणाली, "ऐकू दे, त्याला बोलता येत नाही. आपल्या घरात चालून जाईल."

बाकी कुणी प्रवासी नव्हते. मागे टपालाच्या पिशव्या होत्या. मी नेहमीप्रमाणे तेलाची पट्टी काढून बघितली. तेल पुरेसं होतं. काळं होतं, पण डब्ल्यू तेल काळंच दिसतं. मळ त्याच्यात तरंगतोय, म्हणजे ते त्याचं काम करतंय. जाळीवर काय साचलंय हे पट्टीवरून कळत नाही.

किनारा मागे पडला आणि तेलाच्या दाबाची सुई मला किंचित खाली वाटली. काचेवर टिचकी मारून बघितली. सुई हलली नाही. तापमान मात्र चढत होतं. मी विमान तिथल्या तिथे वळवायला घेतलं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. परत जाऊ या. काल जाळी कुणी बघितली?"

"बघितली ना त्यांनी."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

"अगं, फार गंमत झाली काल," ती म्हणाली, आणि आवाज काढून दाखवायला लागली. तिला वाटलं, मी सहज विचारतेय. "हे विमानाच्या नाकाच्या ह्या बाजूला, बाबा त्या बाजूला. मधे मी चहाचे कप गोळा करत होते. हे मला म्हणतात, 'त्यांना म्हणावं, जाळी बघायची आहे.' मी तोंड उघडायच्या आत तिकडून बाबा, 'बरं म्हणावं.' मी म्हटलं, मग मी कशाला हवी इथे? दोघंही हसले नाहीत. खडूस मेले."

"मग?"

"मग ह्यांनी पिशवी उचलली आणि गाडी गाठायला पळाले."

"आणि बाबा?"

"बाबा त्याआधीच मागे हात धुवायला गेले होते. मग मागच्या दारानेच माझ्याबरोबर घरी आले."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. भाऊजींना म्हणायचं होतं, मी चाललोय, तेव्हा सकाळी उड्डाणाआधी तुम्ही जाळी बघा. बाबांना ऐकू आलं, मला जाळी बघायची आहे, ती बघून मग मी जाईन. बरं, म्हणजे बघतो. बरं, म्हणजे बघा. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण त्याच्यामागे आता काहीच नव्हतं.

"माझं चुकलं का गं?" तिने विचारलं.

मला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. सुई आकड्यांच्या खाली गेली होती आणि इंजिनातून ठोके यायला लागले होते, आतून कुणीतरी हातोडी मारतंय असे. मी रेडिओवर बोलले, पेट्रोल बंद करायची तयारी केली, किनाऱ्याकडे नाक धरलं. तेवढ्यात एक मोठा दणका बसला, समोरच्या काचेवर तेल उडालं आणि पंखा माझ्या डोळ्यांसमोर थांबला. एवढी शांतता मी विमानात कधी ऐकली नव्हती. ताईने सीटच्या कडा धरल्या. ओरडली नाही. मला बोलून त्रास द्यायचा नाही, असं तिने ठरवलं असावं, कारण ती तशीच होती.

ओहोटी होती. किनाऱ्याला नुसता चिखल पसरला होता. पाण्यापेक्षा चिखल बरा म्हणून मी तिथे उतरवलं. चाकं रुतली आणि विमान उलटं झालं. माझ्या बाजूला चिखलच होता. तिच्या बाजूला जेट्टीचा मोडका खांब होता. लोक येईपर्यंत मी उलटी लटकून तिला हाका मारत होते. तिला हाक मारायला माझ्याकडे ताई एवढा एकच शब्द होता आणि मी तो पुन्हा पुन्हा वापरत होते.

चौकशी आमच्याच धावपट्टीवर ठेवली होती, प्रवाशांच्या बसायच्या खोलीत. मला चाकाच्या खुर्चीतून नेलं. कोपऱ्यात ताईचा वजनकाटा होता, त्याच्यावर कुणीतरी फाइलींचे गठ्ठे ठेवले होते आणि काटा त्यांचं वजन इमानाने दाखवत होता. चौकशी करणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेल्या. त्यांच्यासमोर टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत जाळी होती. जाळी आहे हे सांगावं लागलं असतं. तार कुठेच दिसत नव्हती, नुसता काळा गोळा.

आधी भाऊजींना विचारलं. ते उभे राहून म्हणाले, "मी माझ्या पत्नीला सांगितलं होतं, की त्यांनी सकाळी उड्डाणाच्या आधी जाळी बघावी."

मग बाबा. ते म्हणाले, "मला मुलीने असं सांगितलं, की ते जाळी बघून मगच जाणार आहेत."

वर्षभरात पहिल्यांदा दोघांच्या वाक्यात कुणी काय करायचं ते स्पष्ट आलं होतं. किती नीटनेटकी वाक्यं! एवढीच त्या संध्याकाळी बोलले असते तर. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बाईंनी मला विचारलं. मी ताईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. पाच शब्द ह्या बाजूने, दोन त्या बाजूने.

"तुम्ही स्वतः तिथे होता?"

"नाही. तिने मला विमानात सांगितलं."

"म्हणजे हे ऐकीव झालं. हे दोघं तर वेगळं सांगतायत, आणि दोघांचं एकमेकांशी जुळतंय. निरोप तुमच्या बहिणीमार्फत गेला आणि मधे बदलला."

"निरोप गेलाच नाही, बाई," मी म्हणाले. बरगड्या दुखत होत्या, पण आवाज चढला. "तो न्यायची गरजच नव्हती. तुम्ही त्यांना एवढंच विचारा, की त्या वेळी ते दोघं कुठे उभे होते."

भाऊजींनी मान खाली घातली. बाई बाबांकडे वळल्या.

"हे बोलले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

बाबांना खोटं बोलता आलं असतं. मागच्या खोलीत होतो, बाहेर होतो, काहीही. तिथे तिसरं एकच माणूस होतं, आणि ते गेलं होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. आयुष्यात मी त्यांचा एवढा राग कधी केला नव्हता आणि त्यांची एवढी भीतीही मला कधी वाटली नव्हती. ते पिशवीतल्या जाळीकडे बघत होते. मला वाटतं, त्यांच्यातल्या मेकॅनिकला ते बघवलं नाही.

"समोर," ते म्हणाले.

"समोर म्हणजे?"

"इंजिनाच्या पलीकडे. हात लांब केला असता तर लागला असता."

"ह्यांचा आवाज तुम्हाला ऐकू आला?"

"आला."

"तुमचं उत्तर ह्यांना ऐकू आलं?"

भाऊजींनी बसल्या जागी होकारार्थी मान हलवली.

"मग तुमच्या मुलीने काय सांगितलं?"

बाबा उभे होते. त्यांनी टेबलाची कड धरली. "काही नाही सांगितलं," ते म्हणाले. "तिला बोलू कुठे दिलं आम्ही."

बाईंनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला आणि ते वाक्य लिहून घेतलं. मग त्यांनी आम्हाला जायला सांगितलं. लायसन्सचं काय होणार ते दोघांनाही कळलं होतं, ते ऐकायला थांबायची गरज नव्हती. तेलाचं म्हणाल, तर त्यांनी तेलावर ठपका ठेवला नाही. तेल बरोबरच होतं.

बाहेर ऊन होतं. एका पोऱ्याने मला कुबड्या दिल्या आणि खुर्ची परत आत नेली. बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. भाऊजींनी बघितलं, काहीतरी बोलतील असं वाटलं, पण तेही वळले. मी त्यांना हाक मारली नाही. दोघं फाटकाकडे चालायला लागले. बाबांचा पाय रस्त्याच्या कडेला अडखळला तेव्हा भाऊजींनी त्यांचा दंड धरला, आणि मग तो सोडला नाही. मी मागून कुबड्या टाकत येत होते. शब्द मला ऐकू येत नव्हते, फक्त आवाज येत होते. आधी घोगरा, मग नाकातला, मग पुन्हा घोगरा. मधेच बाबा थांबले, काहीतरी हात हलवून सांगायला लागले, भाऊजी मान डोलावून ऐकत होते, आणि मग तेही बोलायला लागले, दोघं एकदमच. ताईने हे बघितलं असतं तर कपडे तसेच बादलीत टाकून ती धावत मला सांगायला आली असती. केवढी खूश झाली असती ती. एवढं मनात आलं, आणि भर रस्त्यात, फाटकावरचा माणूस बघत असताना, मला हुंदका फुटला आणि मी तिथेच खाली बसले. ते दोघं बोलत बोलत पुढे निघून गेले.